टोळीची जबानी : काही पुस्तकांच्या निमित्ताने

ठग, पेंढारी, दरोडेखोर, उचले आणि अलीकडची शहरातील 'भाई' मंडळी यांच्याविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते. परंतु ते बहुधा वर्तमानपत्री बातमीच्या पलीकडे जात नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तर या विषयाकडे अंग चोरूनच पाहिले आहे. टोळी हा शब्द उच्चारला की तो पोलिसांचा प्रांत, किंवा फार तर समाजशास्त्रज्ञांचा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः टोळी जन्मते कशी आणि टिकते कशावर, या प्रश्नांची काही अत्यंत मार्मिक उत्तरे कथा-कादंबऱ्यांत आणि आत्मकथनांत विखुरलेली आहेत. आणि पुष्कळदा ती त्या त्या काळच्या कायद्याने दिलेल्या उत्तरांहून अधिक खरी आहेत. हे विधान काहीसे धाडसाचे वाटेल याची आम्हांस कल्पना आहे. म्हणून ते चार-पाच पुस्तके समोर ठेवून पडताळून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

'टोळी' हा शब्द मुळात काही वाईट नाही. आमच्या सीमाभागात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळीला मुकादम असतो, मुकादमाकडून आगाऊ 'उचल' घेतलेली असते, कामाची वाटणी ठरलेली असते, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. लबाडी झाली तर तीही त्या हिशेबातच होते. चोरांच्या टोळीची रचना याहून फारशी निराळी नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. एकट्याने केलेली चोरी हे एक कृत्य असते. त्यामागे भूक असेल, हाव असेल, सूड असेल. टोळीची चोरी हा व्यवसाय असतो. त्याला नायक लागतो, उमेदवारी लागते, श्रमविभाग लागतो, वाट्याचा नियम लागतो, परक्याला न कळणारी बोली लागते, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे बाहेरच्या जगात कोणीतरी डोळेझाक करणारा लागतो. या शेवटच्या माणसाकडे कोणत्या लेखकाने किती पाहिले, ही आमच्या मते या वाङ्मयाची खरी कसोटी होय.

प्रारंभ एका इंग्रजी पुस्तकाने करावा लागतो, कारण ते ज्या नोकरीतून उपजले ती आमच्याच मुलखातली आहे. फिलिप मेडोज टेलर हा १८०८ साली जन्मलेला इंग्रज पोरवयात, १८२४ साली, मुंबईस आला आणि पुढे निजामाच्या नोकरीत शिरला. सुरपूरच्या संस्थानाचा कारभार त्याने १८४१ पासून दहा-बारा वर्षे पाहिला, आणि नंतर नळदुर्गाकडील जिल्हा त्याच्याकडे आला. कमलनगरच्या पश्चिमेस नळदुर्ग आणि दक्षिणेस सुरपूर; म्हणजे आमचे गाव या साहेबाच्या घोड्याच्या टापांच्या मधोमध येते. ठगांच्या जबान्या त्याने स्वतः घेतल्या होत्या. त्या आधारे लिहिलेली त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली लंडनात प्रसिद्ध झाली आणि इंग्रज वाचकांनी ती डोक्यावर घेतली.

कादंबरीचा साचा जबानीचा आहे. अमीर अली हा पकडला गेलेला ठग एका साहेबापुढे बसून आपले आयुष्य सांगतो. साहेब मधून मधून प्रश्न करतो, उद्गार काढतो, आणि पुन्हा ऐकू लागतो. सातशे एकोणीस खुनांचा हिशेब हा माणूस ज्या सहजतेने देतो, ती सहजता अंगावर काटा आणते. त्याच्या बोलण्यात पश्चात्ताप जवळजवळ नाही, कसब मात्र पुष्कळ आहे. प्रवाशांना गोड बोलून सोबत घेणारा तो 'सोठा', रुमालाने गळा आवळणारा तो 'भुरतोट', खड्डे खणून प्रेते पुरणारा तो 'लुघा'. प्रत्येकाचे काम वेगळे, मान वेगळा, वाटाही वेगळा. उमरखेडपासून हैदराबादेपर्यंतच्या वाटा, मुक्काम, आमराया, ओढे हे सारे टेलरने जाणत्या माणसाच्या नजरेने टिपले आहे. तो प्रदेश ज्याने पायाखाली घातला आहे त्याला त्यातील खरेपणा तत्काळ पटतो.

परंतु या कादंबरीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आमच्या समजुतीप्रमाणे, तिच्या वाचकांनी आणि कदाचित खुद्द लेखकानेही पुरती ओळखली नाही. अमीर अली हा जन्माने ठग नाही. तो एका सुस्थितीतल्या घरचा मुलगा. त्याच्या आईबापांना प्रवासात ठगांनीच मारले, आणि टोळीचा नायक इस्माईल याने त्या अजाण पोराला उचलून पुत्रवत वाढविले. त्याला या धंद्याची दीक्षा मिळते ती वयात आल्यावर, धार्मिक विधीने आणि गुरूच्या हाताखाली. पुढे तो नकळत आपल्याच सख्ख्या बहिणीचा जीव घेतो. शोकांतिकेच्या दृष्टीने ही योजना काहीशी नाटकी आहे हे खरे. पण तिच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे. रक्ताने येथे काहीच ठरत नाही. एकाच आईबापांचा मुलगा ठग होतो आणि मुलगी ठगांची शिकार होते. टोळी वंशाने नव्हे, पोसण्याने आणि शिकविण्याने वाढते, हे टेलरच्या कथेने पहिल्याच काही प्रकरणांत सांगून टाकले.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहावे. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने असे ठरविले की, एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले म्हणजे पुरे, त्याच्या हातून अमुक एक खून झाला हे शाबीत करण्याची आवश्यकता नाही, शिक्षा जन्मठेपेची. स्लीमन याच्या हाताखाली माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर जी मोहीम चालली तिला हे शस्त्र सोयीचे होते. पस्तीस वर्षांनी, १८७१ साली, याच विचाराचे पुढचे पाऊल पडले. गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि सुताराचा मुलगा जसा सुतार तसा चोराचा मुलगा चोर, असा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ करण्यात आला. आधी टोळीत असणे हा गुन्हा होता. आता अमुक जमातीत जन्मणे हाच गुन्हा झाला. १९११ च्या कायद्याने हा अंमल सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरण्याची सोय झाली. हजेरी, परवाना, तारेचे कुंपण हे सर्व त्यातून आले. स्वराज्यात, १९५२ साली, तो रद्द झाला. पण सवयीचे गुन्हेगार या नावाखाली त्याची सावली निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांत रेंगाळत राहिली. एका इंग्रज अंमलदाराची कादंबरी जे जाणत होती ते त्याच्याच सरकारचा कायदा जाणत नव्हता, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. टेलरचा दोष सांगायचा तर तो असा की, त्याने टोळीला धर्मपंथाचे रूप दिले. भवानीचा कौल, शकुन-अपशकुन, कुदळीची पूजा यांचा पसारा इतका वाढविला की पोटापाण्याचे कारण त्याखाली बुजून गेले. अलीकडे किम वॅग्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी (त्यांचा ग्रंथ २००७ चा) ठगी ही मुख्यतः मोडकळीस आलेल्या राज्यव्यवस्थेतील वाटमारी होती, आणि तिला स्थानिक जमीनदारांचा आश्रय होता, या अंगावर भर दिला आहे. आम्हांस ते अधिक पटते. शकुन पाहून आमच्याकडचा शेतकरीही पेरणी करतो. म्हणून शेती हा काही पंथ ठरत नाही.

आश्रयाच्या या मुद्द्यावर मराठी इतिहासाने पुरविलेली उदाहरणे विलक्षण आहेत. पेंढाऱ्यांचेच घ्या. शिंदे-होळकरांच्या फौजांमागून हिंडणाऱ्या या घोडेस्वारांना पगार नसे. लुटीची मुभा हाच पगार. आणि त्या लुटीतून सरकारला 'पालपट्टी' नावाचा कर भरावा लागे. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बीमोड केला तेव्हा त्यांना निव्वळ लुटारू म्हटले गेले; पण ज्या लुटीवर सरकार पट्टी बसविते ती लूट आणि महसूल यांतील सीमारेषा कोठे ओढायची? (टेलरनेही आपल्या अमीर अलीला काही काळ चितू पेंढाऱ्याच्या छावणीत नेले आहे, त्या भागात त्याची कथा नकळत अधिक शहाणी होते.) रामोशांची हकीकत याहून बोलकी. गावाची आणि गडाची राखण हे त्यांचे वतन. गावात चोरी झाली तर माग काढायचा, नाही निघाला तर भरपाई द्यायची, अशी ती व्यवस्था. १८१८ नंतर गडांची राखण गेली, वतने आटली, आणि राखणदाराच्या हाती विद्या तेवढी उरली. पुरंदरच्या मुलखातील उमाजी नाईक याचे बंड त्यातून उभे राहिले. १८३२ साली पुण्यात त्याला फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी मॅकिंटॉश या कप्तानाने रामोशांवर एक पुस्तक लिहिले. त्या काळी ज्याला दरोडेखोर म्हटले त्याला आज आद्य क्रांतिवीर म्हटले जाते. आमच्या दृष्टीने या दोन्ही नावांहून महत्त्वाची गोष्ट ही की, राखणारा हात आणि लुटणारा हात एकच होता. बदलला तो त्याचा धनी. सिसिली बेटातील माफियाचे मूळही तेथील सरंजामी पद्धत १८१२ साली मोडल्यानंतर जमिनीचे रक्षण भाड्याने देणाऱ्या माणसांत सापडते, असे जाणकार सांगतात. देश निराळा, पण गोष्ट तीच.

बेरडांचेही असेच. सुरपुरास ते राजे होते. आणि त्याच जातीच्या बेळगावकडील माणसांना पोलिसांचा धाक कसा सोसावा लागला ते भीमराव गस्ती यांच्या 'बेरड' या आत्मकथनात वाचावे. सीमाभागातील मराठी वाचकाने तर ते वाचलेच पाहिजे.

अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) ही या वाङ्मयातील सर्वांत तेजस्वी कृती. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना तिला लाभली, १९६१ साली राज्यशासनाचे पारितोषिक मिळाले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांची ती कथा त्या लोकांनी ती आपली मानली. दुष्काळात गाव उपाशी मरू लागल्यावर धान्याची कोठारे लुटणारा आणि सरकारी खजिन्यावर हात टाकणारा हा मांगवाड्यातील वीर शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने ज्याला सामाजिक बंडखोर दरोडेखोर म्हटले त्याचे इतके पूर्ण चित्र दुसऱ्या कोणत्या भारतीय कादंबरीत असेल असे आम्हांस वाटत नाही; आणि हे चित्र त्या विवेचनाची वाट न पाहता, पोवाड्याच्या परंपरेतून, एका शाहिराने काढले. वाटेगावचा मांगवाडा, हजेरीची नामुष्की, आणि ती लादली गेल्यावर माणसाच्या मनात उसळणारा संताप यांचे वर्णन करताना अण्णाभाऊंची लेखणी धगधगते.

तथापि टीकाकाराने हेही सांगितले पाहिजे की 'फकिरा'त टोळी दिसत नाही. वीर आणि त्याचे सवंगडी दिसतात. वाट्यावरून तंटा नाही, फितुरीचा मोह होणारा आतला माणूस नाही, लुटलेले सोने मोडून देणारा सराफ नाही. पोवाड्यात या गोष्टींना जागा नसते, आणि अण्णाभाऊंना पोवाडाच रचायचा होता. म्हणून हा दोष म्हणता येत नाही. पण टोळीचे स्वरूप ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने 'फकिरा'पाशी थांबू नये. विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) ही याच्या उलट टोकाची. मालतीबाई बेडेकर सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम करीत होत्या. कुंपणाच्या आतले जिणे त्यांनी जवळून पाहिले. सुधारणेच्या नावाने उभारलेले कुंपण माणसाला आतून कसे पोखरते हे त्यांनी दाखविले, आणि अधिकारपदावरच्या व्यक्तीने असे लिहिणे हे त्या काळी सोपे नव्हते. मात्र त्यांची दृष्टी करुणेची आहे, आणि करुणा ही कितीही प्रामाणिक असली तरी कुंपणाच्या बाहेर उभी असते.

आता आम्ही 'उचल्या'कडे वळतो, आणि येथे आम्हांस एक जुनी चूक कबूल करावयाची आहे.

लक्ष्मण गायकवाड यांचे हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. आम्ही त्या वेळी महाविद्यालयात कला शाखेचे विद्यार्थी होतो. लेखक लातूरजवळच्या धनेगावचा. म्हणजे जवळजवळ आमच्याच शिवेवरचा. कमलनगर हे निजामी राज्यातील बीदर जिल्ह्याचे. १९५६ च्या पुनर्रचनेत शेजारचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही कर्नाटकात राहिलो, पण बाजार, जत्रा आणि सोयरिकी यांनी ही रेघ कधीच मानली नाही. असे असूनही विद्यार्थ्यांच्या वाचनमंडळात आम्ही या पुस्तकावर जो निबंध वाचला, त्यात 'हा एक महत्त्वाचा सामाजिक दस्तऐवज आहे, परंतु त्यास वाङ्मयीन घाट नाही' असा निर्णय मोठ्या रुबाबात दिला होता. घटना एकापुढे एक येतात, निवेदक कोठे थांबून चिंतन करीत नाही, भाषा ओबडधोबड आहे, अशी आमची कारणे होती. टाळ्या मिळाल्या. ते कागद सुदैवाने हरवले.

आज पुन्हा वाचताना आम्हांस वाटते की ज्याला आम्ही घाटाचा अभाव म्हटले तोच या पुस्तकाचा घाट आहे. ज्या घरात पुढच्या आठवड्यात बाप सुटून येईल की आजा पकडला जाईल हे ठाऊक नाही, तेथे आयुष्य घटनांनीच बनते. चिंतनाला उसंत लागते. लहान पोरांना उचलेगिरीची विद्या देताना आधी मार देतात, हा भाग आठवावा. मार कशासाठी? चुकीची शिक्षा म्हणून नव्हे. उद्या पोलिसांनी मारले तरी तोंडातून नाव फुटू नये, म्हणून आजच अंगाला सवय करावयाची. गायकवाड हे अवाक्षर न वाढविता सांगतात. टेलरच्या कादंबरीतील दीक्षाविधी, कुदळ आणि गूळ, या एका मारापुढे रंगीत पडद्यासारखा वाटू लागतो. टोळीची शाळा ही अशी असते. आणि तिचा अभ्यासक्रम ठरविणारा खरा परीक्षक पोलीस ठाण्यात बसलेला असतो.

हा परीक्षक 'उचल्या'त सर्वत्र आहे. तो हजेरी घेतो, झोडपतो, आणि मिळकतीतला वाटाही घेतो. चोरी केली तर वाटा, न केली तर संशयावरून मार. अशा जमाखर्चात चोरी सोडून देणे हाच तोट्याचा व्यवहार ठरतो. एवढे रोखठोक अर्थशास्त्र टेलरच्या जाडजूड कादंबरीत नाही, 'फकिरा'त नाही, 'बळी'तही अंधुकच आहे. आणि दुसरे दार? लक्ष्मणला शाळेत घातले, त्याच सुमारास वस्तीतल्या पोरांना हगवण-ओकारी सुरू झाली, आणि आपल्या जातीतला पोरगा शाळेत गेल्यानेच हे झाले असे खुद्द भाऊबंदच म्हणू लागले. बाहेरचा समाज आत घेत नाही आणि आतला समाज बाहेर सोडत नाही, या दुहेरी पेचात टोळी वंशपरंपरेने चालत असल्याचा भास होतो. १८७१ च्या कायदेपंडितांनी हा भास पाहिला आणि त्याला रक्ताचा गुण मानले.

आमच्या नोकरीतील एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेवर होतो तेथे कार्यालयातील कपाटातून मुलांच्या शिष्यवृत्तीचे पैसे नाहीसे झाले. गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या एका कुटुंबातील मुलगा त्या वर्षी सातवीत होता. त्याचे नाव कोणी घेतले नाही. घेण्याची गरजच पडली नाही. सर्वांच्या नजरा त्याच्या बाकाकडे वळल्या आणि आमचीही वळली. आम्ही त्याला दरडावले नाही, मारले तर मुळीच नाही. केवळ खोलीत बोलावून, दार लोटून, 'काही ठाऊक असेल तर सांग' एवढेच शांतपणे म्हणालो. तो काहीच बोलला नाही. चौथ्या दिवशी पैशांचे पाकीट एका जुन्या हजेरीपटाच्या घडीत सापडले. ते आमच्याच हातून तेथे गेले होते. तोपर्यंत पाले उठली होती. 'उचल्या' वाचून त्यावर निबंध लिहिलेला, प्रसंगी तो वर्गात वाचून दाखविणारा माणूस, दार लोटून विचारीत होता. आणि त्या खोलीत आमच्या बाकावर टेलर बसला होता. जबानी शांतपणे घेतली म्हणून ती निराळी होत नाही.

शहरातील टोळीविषयी आम्ही थोडक्यातच लिहू. ते जग आमच्या पाहण्यातले नाही. पण तिच्या जन्माची कारणे कागदोपत्री पुरेशी स्पष्ट आहेत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने गावठी दारूला पेठ मिळाली. साठीच्या दशकातील सुवर्णनियंत्रणाने चोरट्या सोन्याला. वरदराजन मुदलियार, हाजी मस्तान, करीम लाला ही नावे त्या काळातली. जी वस्तू लोकांना हवी आहे आणि सरकारने मना केली आहे, ती पुरविणाऱ्याला न्यायालयात दाद मागता येत नाही. म्हणून त्याचे तंटे सोडविणारा दुसरा कोणीतरी उभा राहतो. येथे जात मागे पडते आणि चाळ, नाका, व्यायामशाळा पुढे येतात. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यास मन्या सुर्वे हा कॉलेजात शिकलेला मराठी तरुण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. आणि त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारीस, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. या दोन तारखांचा कार्यकारणसंबंध नाही. परंतु पुढच्या दहा वर्षांत गिरणगावात पहिल्या तारखेची माणसे दुसऱ्या तारखेच्या घरांतून निघाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या घरांपैकी एकाचे. गिरणी बंद पडलेली, एक मुलगा लेखक होण्याच्या नादात, दुसरा क्रिकेटच्या, आणि नरू टोळीच्या वाटेला लागलेला. पुढच्याच वर्षी, १९९८ साली, 'सत्या' या हिंदी चित्रपटातील भिकू म्हात्रे गाजला, आणि मराठी गुंडाला एक प्रकारचे वलय आले. 'अधांतर'मध्ये ते वलय औषधालाही नाही. टोळी रंगभूमीवर येतच नाही म्हटले तरी चालेल. ती चाळीच्या खोलीत, आईच्या नजरेतून, कोणाच्या तरी उशिरा येण्यातून आणि घरात अचानक आलेल्या पैशातून दिसते. हा पैसा घ्यावा की नाही, हा प्रश्न ज्या घरात चूल पेटणे अवघड झाले आहे तेथे किती भयंकर असतो! पवारांनी नायक केला नाही, खलपुरुषही केला नाही; रिकाम्या हातांची एक पिढी दाखविली. इस्माईलने अनाथ पोराला उचलले होते. येथे आईबाप जिवंत असताना पोरे उचलली जातात, एवढाच फरक.

१९९९ साली महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, पुढील वर्षी कर्नाटकानेही तसाच केला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्ह्याची व्याख्या सर्व देशासाठी आली. या व्याख्यांत जन्माला स्थान नाही. चालू राहिलेले बेकायदा कृत्य आणि त्यातील लाभ यांवर त्या उभ्या आहेत. ही प्रगती मान्य केलीच पाहिजे. परंतु महाराष्ट्राच्या कायद्याच्या अठराव्या कलमाकडे वाङ्मयाच्या वाचकाचे लक्ष जाईल. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे. पण येथे अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य धरला जातो. म्हणजे एकशे साठ वर्षांनंतर आपण पुन्हा टेलरच्या दालनात आलो. साहेब बसला आहे, समोरचा बोलतो आहे, आणि ते लिहून घेतले जात आहे. त्या कलमाच्या इष्टानिष्टतेची चर्चा आमच्या अधिकारातील नव्हे. आम्ही एवढेच विचारू की, टोळीविषयी आपल्याजवळ जे काही लिहिलेले आहे त्यातील किती बोलणाऱ्याचे आणि किती लिहून घेणाऱ्याचे? 'उचल्या'चे मोल येथे आहे. तेथे बोलणारा आणि लिहिणारा एक आहे, आणि ऐकणाऱ्याच्या हातात छडी नाही.

एक पुस्तक मात्र अजून आमच्या पाहण्यात आलेले नाही. ठगाची जबानी झाली, बंडखोराचा पोवाडा झाला, वसाहतीतल्या अधिकारी बाईंची कादंबरी झाली, उचल्याचे आत्मकथन झाले, गिरणी कामगाराच्या घराचे नाटक झाले. ज्याच्या कोठीत चोरीचे धान्य उतरले, ज्याच्या भट्टीत दागिना वितळला, ज्याने महिन्याच्या महिन्याला वाटा मोजून घेतला, आणि जत्रेच्या आदल्या रात्री कोणत्या रांगेत गर्दी होईल हे टोळीला कळविले, त्या माणसाने प्रथमपुरुषी एकवचनात काही लिहिले असल्यास वाचकांनी आम्हांस अवश्य कळवावे. आम्ही ते शाळेच्या ग्रंथालयासाठी मागवू. 'फकिरा' आणि 'उचल्या' यांच्या मधली जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.